हात वर, टोप खाली

दिनांक : १९ नोव्हेंबर

प्रति,
मा. अध्यक्ष,
औषध चाचणी शिस्त व तक्रार समिती,
छातीरोग रुग्णालय, दुसरा मजला, जिन्यासमोरील खोली.

विषय : मोठ्या भावाने केलेल्या मारहाणीमुळे धाकट्या भावाच्या फुफ्फुसात थेट सोडावयाच्या औषधाच्या उरलेल्या मात्रा बंद न करण्याबाबत.

संदर्भ : १) आपले दि. १२ ऑक्टोबरचे पत्र ("हिंसक प्रवृत्तीचा नातेवाईक"). २) आपलेच दि. २० ऑक्टोबरचे पत्र ("तपासणीस तात्काळ हजर राहावे"). ३) फाटकावरील चौकीत चिकटवलेला अर्जदाराचा फोटो.

महोदय,

१. सविनय निवेदन असे की, अर्जदार हा ओतीव लोखंडाच्या कारखान्यात वाळूचा मारा करणारा कामगार आहे. दि. ९ ऑक्टोबर रोजी सकाळी साडेदहाच्या सुमारास त्याने आपल्या फवारा-खोलीचे दार फोडले, औषधाचे यंत्र स्टुलाने ठेचले, डॉक्टरसाहेबांचे नाक मोडले व एक दात पाडला, आणि स्वतःच्या सख्ख्या भावाची एक बरगडी मोडली. हे सर्व त्याला मान्य आहे. काहीही नाकारण्यासाठी हा अर्ज केलेला नाही.

अर्जदाराच्या उजव्या हाताची दोन बोटे आपल्या सुरक्षारक्षकांनी दंडुक्याने मोडल्यामुळे त्याला लिहिता येत नाही. म्हणून त्याच्या सांगण्यावरून हा अर्ज कारखान्याचा निवृत्त मुकादम (यापुढे 'अर्जलेखक') लिहीत आहे. अर्जलेखकाने तीस वर्षे फळ्यावर नोटिसा लिहिल्या असल्याने त्याला कार्यालयीन भाषा येते. मध्येच कारखान्याची भाषा शिरलीच, तर तो दोष लिहिणाऱ्याचा समजावा.

२. अर्जदाराचा भाऊ (यापुढे 'धाकटा', वय ३४) याच कामावर चौदा वर्षे होता. साच्यातून निघालेल्या लोखंडावर दाबाच्या हवेने वाळू मारायची आणि ते लख्ख करायचे, असे हे काम. वाळू आपटून फुटते, तिचे पीठ होते आणि ते पीठ माणसाच्या छातीत जाऊन बसते. धाकट्याच्या छातीत ते बसले. फुफ्फुस आतून वण धरू लागले. गोळ्या दिल्या तर त्या पोटातून, रक्तातून सगळ्या अंगभर हिंडून येत आणि जिथे पोचायचे तिथे चिमूटभर पोचत, पोटाचे मात्र हाल करीत. म्हणून आपल्या नव्या चाचणीत त्याचे नाव घातले. केसाच्या जाडीचे हजार भाग केले तर त्यातल्या एकाएवढा औषधाचा कण धुक्यातून श्वासाबरोबर सरळ आत जाणार, म्हणजे दुखणे जिथे, औषधही तिथेच, असे डॉक्टरसाहेबांनी समजावून सांगितले. त्यावर धाकटा म्हणाला, "म्हणजे धुळीनं जी वाट पाडली, तिच्यावरूनच औषध जाणार म्हणा की." डॉक्टरसाहेब हसले. अर्जदार हसला नाही. "तोंड झाक, बारीक धूळ ओढू नकोस," म्हणून ज्या भावावर तो चौदा वर्षे ओरडला, त्याने आता त्याहून बारीक काहीतरी मुद्दाम खोल ओढावे, यासाठी त्याला नातेवाइकाच्या रकान्यात सही करायची होती. त्याने ती केली.

कण आत गेल्यावर टेकायला वेळ लागतो, म्हणून श्वास ओढून धरायचा असतो. दहा अंकांपर्यंत धरला तर उत्तम. चाराच्या खाली आला तर रुग्ण चाचणीस अपात्र, असे आपल्या माहितीपत्रकाच्या तिसऱ्या पानावर छापले आहे. एकूण मात्रा सहा. पहिल्या मात्रेला धाकट्याने श्वास पाचपर्यंत धरला, दुसऱ्या मात्रेला सातपर्यंत, तिसऱ्या मात्रेला आठपर्यंत. हे औषधाने झाले की सवयीने, ते सांगण्याचा अधिकार अर्जदाराला नाही. पण तिसऱ्या मात्रेनंतर धाकटा अर्धा जिना एका दमात चढला आणि वर पोचून चपलांवरून शेजारणीशी कडाडून भांडला. भांडायला दम लागतो, महोदय. वर्षभर त्या घरात कोणी भांडले नव्हते. त्या दिवशी अर्जदार दाराआड उभा राहून ते भांडण ऐकत रडला.

३. आता नियमाविषयी. वाळूचा मारा करताना कामगार डोक्यावर टोप घालतो. जाड कापडाचा, खांद्यापर्यंत येणारा, समोर काच आणि मागून हवेची नळी. बाजूला काँप्रेसर इतका घरघरतो की शेजारचा बोंबलला तरी ऐकू येत नाही. नळी कुठे मुडपली की टोपातली हवा बंद. त्या वेळी ओरडायचे नाही, कारण ओरडायला श्वास लागतो आणि श्वास घेतला तर वाळूच आत येते. श्वास धरायचा आणि हात वर करायचा. ज्याला तो हात दिसेल त्याने हातातले टाकून धावायचे, टोप उपटायचा आणि माणूस खोकेपर्यंत त्याच्या पाठीत, दोन खांद्यांच्या मधोमध, बुक्के घालायचे. मध्ये कोणी आडवा आला तर त्यालाही घालायचे, ओळख नंतर विचारायची. 'हात वर, टोप खाली' ही चार शब्दांची नोटीस अर्जलेखकाने स्वतःच्या हाताने फळ्यावर लिहिली. ती अजून तिथे आहे.

४. ही नोटीस लिहायची वेळ अर्जदारामुळेच आली. अकरा वर्षांपूर्वी उंच्या नावाच्या कामगाराने हात वर केला. उंच्या दिवसातून दहा वेळा कोणाची ना कोणाची चेष्टा करायचा, म्हणून अर्जदाराला वाटले, ही त्यातलीच एक. त्याने आधी आपली वाळू मारायची तोटी बंद केली, ती आकड्याला अडकवली, हातमोजे काढले आणि मग तो निघाला. तेवढ्यात उंच्या पडला. टोप काढला तेव्हा ओठ जांभळे झाले होते आणि दातांवर वाळूचे पीठ बसले होते. अर्जलेखकाने त्या प्रेताशेजारीच अर्जदाराला कानफटात मारायला सुरुवात केली. किती मारल्या ते मोजले नाही. उंच्याच्या बायकोने येऊन हात धरला तेव्हा तो थांबला. अर्जदाराला डाव्या कानाने आजही कमी ऐकू येते.

त्यानंतर दर शनिवारी अर्जलेखक गुपचूप कोणाची तरी नळी बुटाखाली दाबून धरी. हात वर गेल्यापासून टोप निघेपर्यंत पाचापेक्षा जास्त अंक मोजावे लागले, तर जो जवळ असेल त्याच्या पाठीवर कमरेचा पट्टा बसे. पहिल्या दोन शनिवारी अर्जदाराने पट्टा खाल्ला. पुढे कधीच नाही. तो तीन मोजेपर्यंत पोचत असे. खरोखर नळी मुडपली तेव्हा त्याने चार माणसे वाचवली, त्यांची नावनिशी कारखान्याच्या कार्यालयात मिळेल. सबब, समितीने पत्रात जिला 'प्रवृत्ती' म्हटले आहे ती प्रवृत्ती नसून शिकवण आहे, आणि ती शिकवण मारून मारून दिलेली आहे, याची नोंद व्हावी.

५. दि. ९ ऑक्टोबर रोजी चौथी मात्रा होती. आधीच्या तिन्ही वेळी फवारा-खोलीच्या दारावरच्या काचेला आतून पडदा होता. त्या दिवशी पडदा धुवायला गेला होता. अर्जदार बाहेरच्या बाकावर बसला होता. आत यंत्र घरघरत होते, आणि ती घरघर थेट काँप्रेसरसारखी होती, हे अर्जदार शपथेवर सांगतो. तो उठून काचेपाशी गेला. धाकट्याच्या नाकातोंडावर मुखवटा, मुखवट्याला नळी, गाल फुगलेले, डोळे वटारलेले, कपाळावरची शीर टरारलेली. आणि धाकट्याने हात वर केला.

पुढचे अर्जदाराला नीट आठवत नाही, म्हणून आपल्याच चौकशी अहवालातून घेतले आहे. दाराची काच त्याने खांद्याने फोडली. आतली कडी काढताना मनगट फाटले, ते तसेच घेऊन तो आत शिरला. डॉक्टरसाहेबांनी त्याला मागून कव घातली, तेव्हा त्याने कोपर मागे मारले आणि नाकाचे हाड मोडल्याचा आवाज बाहेरच्या बाकापर्यंत गेला. डॉक्टरसाहेब पुन्हा आडवे आले, तेव्हा त्यांच्या तोंडावर ठोसा बसला आणि दात पडला. स्टूल उचलून त्याने यंत्र ठेचले, कारण घरघर थांबत नव्हती. मुखवटा इतक्या जोराने उपटला की पट्ट्याने धाकट्याचा कान फाटला. मग त्याने भावाला पालथे पाडले आणि पाठीत बुक्के घातले. अहवालात नऊ म्हटले आहे. "खोक! खोक ना रे, भाड्या! खोक!" असे तो ओरडत होता, असेही अहवालात आहे. मूळ शब्द याहून वाईट होता, तो अर्जलेखकाने बदलला आहे. भिंतीवर, फरशीवर, पांढऱ्या चादरीवर रक्त होते, आणि ते तिघांचे होते. सहाव्या की सातव्या बुक्क्याला बरगडी मोडली. धाकटा प्रत्येक बुक्क्यामागे काहीतरी म्हणत होता. "द..." एवढेच बाहेर येई आणि पुढचा बुक्का बसे. अर्जदाराला वाटले, तो 'दादा' म्हणतो आहे. म्हणून त्याने आणखी जोराने मारले.

६. एवढ्यात तीन सुरक्षारक्षक आले. त्यांनी अर्जदाराला पाडून, हात बुटाखाली धरून बोटांवर दंडुके मारले. त्या बोटांनी घट्ट धरलेली चादर तो सोडत नव्हता, असे रक्षकांचे म्हणणे आहे. तेही खरे असेल. त्याबद्दल अर्जदाराची तक्रार नाही.

संध्याकाळी धाकटा वॉर्डात पडला होता. छातीला पट्टा, कानाला टाके. अर्जदाराला पोलिसांसोबत पाच मिनिटे भेटू दिले. धाकट्याला बोलताना कळ येत होती, म्हणून तो एकेक शब्द तोडून बोलला.

"दादा, दहा झाले होते रे. डॉक्टर म्हणाले होते, दहा झाले की हात वर कर. म्हणून केला."

अर्जदाराने खाटेच्या लोखंडी कठड्यावर कपाळ आपटायला सुरुवात केली. पोलिसांनी बाजूला ओढेपर्यंत तो थांबला नाही. ती खूण कपाळावर आहे, समितीला पाहता येईल.

७. आता समितीच्या दोन पत्रांविषयी. पहिल्या पत्राने धाकट्याची फाइल 'स्थगित' झाली. त्याच पत्रात चौथी मात्रा 'दिली गेली' असे लिहिले आहे. दुसऱ्या पत्रात त्याचा खुलासा आहे. यंत्र फुटल्यावर उरलेले धुके खोलीत पसरले आणि अर्जदार त्यात तोंड उघडे टाकून धापा टाकत होता. सबब चौथ्या मात्रेचा बराचसा भाग 'अनधिकृत व्यक्तीने सेवन केला' असून त्या व्यक्तीने तपासणीस तात्काळ हजर राहावे, न राहिल्यास कारवाई होईल. अर्जदार ते पत्र घेऊन फाटकावर गेला. तिथे त्याचा फोटो आहे आणि फोटोखाली 'प्रवेश बंद' लिहिले आहे. रक्षकाने पत्र वाचले, फोटो पाहिला, आणि दोन्ही आदेश एकाच साहेबांचे असल्याने कोणता पाळायचा ते त्याला कळेना. त्याने फोटोचा पाळला. हात पिरगाळून अर्जदाराला रस्त्यावर ढकलले आणि पडल्यावर दोन लाथा घातल्या. अर्जदाराने उलट हात उचलला नाही. दुसऱ्यांदा गेला, तेव्हाही हेच झाले. तिसऱ्यांदा जाण्याआधी त्याने अर्जलेखकाला विचारले, "मुकादम, यांना मी आत हवाय की बाहेर?" याचे उत्तर समितीने द्यावे.

अर्जदाराला यातून एकच गोष्ट बोचते आहे. त्याला हल्ली सकाळी थोडे मोकळे वाटते. वाळू त्याच्याही छातीत आहे. भावाच्या वाटणीचे औषध आपल्या छातीत गेले, हे त्याला झोपू देत नाही. 'ते माझ्यातून काढून त्याला देता येतं का बघा, लागलं तर छाती फाडून काढा,' असे अर्जात लिहा म्हणून तो हटून बसला. तसे होत नसते, हे त्याला सांगून झाले आहे. तरी त्याचे म्हणणे म्हणून येथे नमूद केले.

८. अर्जलेखक डॉक्टरसाहेबांना घरी जाऊन भेटला. नाकावर पट्टी होती. ते म्हणाले, "मला राग नाही असं मी म्हणणार नाही. आहे. पण खूण मीच दिली होती. तोंडावर मुखवटा असताना माणूस 'दहा झाले' सांगणार कसा? तुमच्याकडे हात वर करण्याचा अर्थ असा असेल, हे मला कुठून माहीत असणार?" मात्रा पुन्हा सुरू करायला आपली हरकत नाही, पण निर्णय समितीचा, असेही ते म्हणाले. निघताना त्यांनी विचारले, "तो रोज किती मोजतो हल्ली?" ज्याने मार खाल्ला त्या माणसाने हे विचारले. समितीने एकेचाळीस दिवसांत विचारलेले नाही.

९. तरी ते येथे सांगतो. धाकटा रोज सकाळी खिडकीशी बसून श्वास धरतो आणि वहीत अंक लिहितो. मोडलेल्या बरगडीमुळे पहिल्या आठवड्यातच दहाचे सात झाले. मग सहा. गेल्या आठवड्यात पाच. काल चार. चाराच्या खाली गेला की आपल्या तिसऱ्या पानाप्रमाणे तो कायमचा अपात्र ठरेल आणि समितीला निर्णय घ्यायचे कामच उरणार नाही. समितीची बैठक पुढील महिन्याच्या पहिल्या सोमवारी आहे, असे कळले. महोदय, तो सोमवारची वाट बघत बसला तर मरेल, हे सरळ लिहितो, कारण याला कार्यालयीन शब्द अर्जलेखकाला माहीत नाही.

धाकटा श्वास धरतो तेव्हा अर्जदार त्याच्यासमोर स्वतःच्या मांड्यांखाली हात दाबून बसतो. दम संपत आला की धाकट्याचा हात वर जातो. अर्जदार उठत नाही. त्याला घाम फुटतो, एकदा ओठ चावून रक्त आले, पण उठत नाही. हा सराव त्याने स्वतःहून लावून घेतला आहे.

१०. सबब विनंती की, धाकट्याच्या पाचव्या व सहाव्या मात्रा तत्काळ सुरू कराव्यात आणि चौथी त्याला मिळालेलीच नाही असे समजून तीही द्यावी. त्या दिवशी अर्जदार येणार नाही. नातेवाईक असल्याशिवाय मात्रा देता येत नाही असा नियम असेल, तर त्याचे दोन्ही हात बाहेरच्या बाकाला साखळीने बांधावेत, साखळी तो घेऊन येईल. डॉक्टरसाहेबांना परतफेड करावयाची असल्यास अर्जदार नाक व तोंड घेऊन हजर राहील, हात मागे बांधून. पोलिसांतील तक्रार चालू ठेवावी. तीत आरोपी म्हणून अर्जलेखकाचेही नाव घालावे. हात अर्जदाराचा होता, पण त्या हातात जे होते ते अर्जलेखकाने अकरा वर्षांपूर्वी पट्ट्याने घातले आहे. शिक्षा हवी तेवढी द्या, ती आम्हा दोघांत वाटा. धाकट्याच्या वाट्याला त्यातली काही देऊ नका. त्याने फक्त सांगितले तसा हात वर केला होता.

कळावे,

आपला नम्र व हात दाबून बसलेला,
अर्जदार (डाव्या अंगठ्याचा ठसा)

लिहिणार : निवृत्त मुकादम (सही)

सोबत :
१) धाकट्याची श्वासाची वही. पाहून परत करावी, तीत रोज लिहायचे असते.
२) 'हात वर, टोप खाली' या नोटिशीचा फोटो.
३) डॉक्टरसाहेबांचा एक दात, कागदाच्या पुडीत. अर्जदाराच्या शर्टाच्या खिशात सापडला. मूळ प्रत. झेरॉक्स काढता आली नाही.

खुलासा : शेवटच्या पानावरील शाईचा मोठा डाग व वेडीवाकडी सही याबाबत.

वरील मजकूर पूर्ण करून अर्जलेखक सही करत असताना धाकटा समोर खिडकीशी आजचा श्वास धरून बसला होता. अर्जलेखकाचे तिकडे लक्ष नव्हते. मान वर केली तेव्हा फुगलेले गाल आणि वर गेलेला हात दिसला. अर्जलेखकाचे वय एकोणसत्तर आहे, त्याचे दोन्ही गुडघे गेलेले आहेत. तरी दौत उलटली, खुर्ची मागे पडली आणि तो धाकट्याच्या पाठीवर मूठ उगारून उभा होता. मूठ खाली आली नाही. अर्जदाराने डाव्या हाताने ती वरच्या वर मनगटात पकडली होती, आणि मनगट मुरगळेपर्यंत सोडली नाही.

"मुकादम, बसा," तो म्हणाला. "चार झाले, म्हणून हात वर केलाय त्यानं."

मनगट सुजले आहे. सही ग्राह्य धरावी, ही विनंती.